माहेरची फरशी

भाऊबीजेला भावाकडून काय मागावे, याचा विचार मी आयुष्यात एकदाच केला. एरवी दादाने ताटात जे घातले ते मी आनंदाने घेतले. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला इरकली लुगडे, मुलांच्या शिक्षणाच्या दिवसांत जरा जाड पाकीट, आणि आता दोघेही सत्तरी ओलांडल्यावर एखादा डबा नाहीतर शाल. पण तीन वर्षांपूर्वी बारामतीचे आमचे जुने घर पाडायचे ठरले, आणि त्या दिवाळीत ओवाळून झाल्यावर मी म्हटले, "दादा, या खेपेला मला काही आणू नकोस. माजघरातली फरशी दे."

दादा हसू लागला. "अगं, फरशी म्हणजे काय चकल्यांचा डबा आहे, पिशवीत घालून न्यायला?"

वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या घरात त्यांनी चाळीस वर्षे ती फरशी पुसली होती. त्या म्हणाल्या, "वन्सं, मागायचं तर आत्ताच मागा. ठेकेदार तुळशीच्या लग्नानंतर यंत्र लावणार आहे."

घर पाडण्याबद्दल माझी तक्रार नव्हती. तीन भावांचे हिस्से, गळके छप्पर, वाळवीने खाल्लेले वासे. त्या घराचे आयुष्य संपले होते. पण फरशीचे संपलेले नव्हते. तांबडा, पिवळा, काळा आणि पांढरा, अशा चार रंगांची अष्टदळी फुले आणि भोवती तांबड्या पट्ट्यात एक पांढरी रेघ. हुबेहूब लुगड्याचा काठ! या फुलांवर आम्ही भावंडे काचापाणी खेळलो. कोणत्या फुलावर कोणाचे ताट मांडायचे, हेसुद्धा ठरलेले असे. परीक्षेच्या दिवसांत दुपारी उघड्या अंगाने त्या गारव्यावर पालथे पडून दादाने पाढे पाठ केले.

गुळाच्या पैशाची फरशी

हे घर आजोबांनी १९३८ साली बांधले. त्यांची गुळाची अडत होती. बारामतीला पैसा आला तो पाण्यामागून. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा सुरू झाला, कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला, आणि उसामागोमाग गुऱ्हाळे, गूळ, अडत आणि अडत्यांची घरे आली. त्याआधीची बारामती दगडाची. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. तसा घडीव दगड सरदारांना परवडे. अडत्याला परवडायची ती शेणाने सारवलेली जमीन, आणि फारच झाले तर शहाबादी.

मग आमच्या आजोबांच्या माजघरात राजवाड्यातल्यासारखी नक्षी आली कशी?

लहानपणी मला वाटे, हा संगमरवर आहे आणि कोणीतरी त्यावर रंगकाम केले आहे. खरी गोष्ट अशी की ती फरशी दगडाची नव्हतीच, आणि तिच्यावर रंगकामही नव्हते. ती ओतीव होती. सिमेंट, संगमरवराची पूड आणि रंग साच्यात ओतून, दाबून, पाण्यात मुरवून केलेला तो दगडच, पण माणसाने घडवलेला. मुंबईहून दौंडपर्यंत मोठ्या गाडीने आणि दौंडहून बारामतीच्या छोट्या गाडीने पेंढ्यात बांधलेल्या पेट्या आल्या होत्या, असे आजी सांगे. आठ इंची चौरस, एकूण चारशे बत्तीस नग. हा आकडा आजीला तोंडपाठ होता, कारण बैलगाडीतून उतरवताना ते नग तिने स्वतः मोजून घेतले होते.

नकली दगडाची असली गोष्ट

फरशीचा ध्यास लागल्यावर मी वाचू लागले, आणि पहिल्याच फटक्याला मला एक बाई भेटल्या. एलिनॉर कोड हे त्यांचे नाव. लंडनमध्ये लॅम्बेथ येथे १७६९ साली या बाईंनी कृत्रिम दगडाचा कारखाना हाती घेतला. इमारतींवरचे पुतळे, कलश, कमानीवरचे मुखवटे त्या मातीच्या मिश्रणातून साच्यात घडवीत आणि भट्टीत भाजून विकत. बायकांनी घराबाहेर व्यवहार करणे जेव्हा नवलाचे होते, तेव्हा या अविवाहित बाईंनी पन्नास वर्षे हा धंदा चालवला. त्यांच्या कारखान्यातून १८३७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर पडलेला एक सिंह लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलापाशी आजही उभा आहे. लंडनच्या धुराने खरे दगड झिजले, हा नकली सिंह आयाळ सांभाळून आहे.

पुढे भट्टीची गरजच उरली नाही. इंग्लंडातल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ साली एका भुकटीचे पेटंट घेतले. पाणी घातले की ती घट्ट होई आणि पोर्टलंड बेटावरच्या नामांकित दगडासारखी दिसे, म्हणून त्याने तिला नाव दिले पोर्टलंड सिमेंट. म्हणजे सिमेंटच्या पोत्यावरचे नावसुद्धा दगडाची नक्कल केल्याची कबुलीच आहे! त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण फ्रान्समध्ये या सिमेंटच्या रंगीत फरश्या दाबून काढू लागले. तेथून ही विद्या स्पेन, मोरोक्को, क्यूबा, व्हिएतनाम अशी जगभर फिरली. बार्सिलोना शहरात गाउदी या थोर वास्तुशिल्पकाराने समुद्रातल्या जीवांची चित्रे असलेली षट्कोनी फरशी याच रीतीने करवून घेतली. आज तिथल्या एका मोठ्या रस्त्याच्या पदपथावर त्याच नमुन्याची फरशी आहे.

आपल्याकडे मात्र नक्षीची फरशी म्हणजे विलायती, हे समीकरण बरीच वर्षे होते. मुंबईच्या राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय आपण मुलांना घेऊन पाहायला जातो. १८७२ साली ते लोकांसाठी उघडले. वर काचेच्या कपाटांकडे पाहताना क्षणभर पायांखाली पाहा. ती फरशी इंग्लंडच्या मिंटन कारखान्याची, भाजलेल्या मातीची आहे. जहाजातून येणारी असली फरशी सरकारी इमारतींना नाहीतर शेटजींच्या बंगल्यांनाच शोभे.

उरणचा कारखाना

ही परिस्थिती पालटली ती स्वदेशीच्या वाऱ्याने. महाराष्ट्राला त्या वाऱ्याची ओळख नवी नव्हती. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला काच कारखाना निघाला होता. किर्लोस्करवाडीच्या माळावर १९१० साली नांगर घडू लागले होते. ओगल्यांचा कंदील पुढे घरोघर लागला. पण काच, नांगर, कंदील या गरजेच्या वस्तू. नक्षीची फरशी ही हौस. हौससुद्धा स्वदेशी असावी, असे कोणाच्या मनात यावे?

ते आले कराचीच्या जमशेद नसरवानजी मेहतांच्या मनात. पुढे हे गृहस्थ त्या शहराचे महापौर झाले. देशाला राजकीय स्वातंत्र्य हवे तसे आर्थिकही हवे. फरश्या बाहेरून आणण्यापेक्षा इथेच करा, आणि करायच्या तर त्यांच्याहून सरस करा, असा त्यांचा आग्रह. सिधवा घराण्यातल्या फिरोजशा आणि रुस्तम या दोघांनी तो मनावर घेतला, आणि १९२२ साली मुंबईच्या खाडीपलीकडे उरणला कारखाना निघाला. नाव ठेवले 'भारत'. त्या काळी हे नाव ठेवण्यातच सारे आले!

वेळही जमून आली होती. परदेशी सिमेंटच्या पिंपांवर अवलंबून राहण्याचे दिवस सरत होते. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ साली सुरू झाला होता, त्यामागून कटणी आणि बुंदी संस्थानात कारखाने निघाले. देशी सिमेंट हाती येताच त्याचे काय काय करता येईल, याचा शोध सुरू झाला. आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्याशी नाते असलेले उदाहरण द्यायचे, तर सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचे देता येईल. कळंबच्या ओसाड माळावर ज्यांनी वालचंदनगर वसवले, तेच हे. ऑस्ट्रेलियातल्या ह्यूम बंधूंनी १९१० साली साचा गरगर फिरवून सिमेंटचा नळ घडवण्याची युक्ती काढली होती. वालचंदांनी १९२६ साली तो धंदा इकडे आणला, आणि इंडियन ह्यूम पाइप कंपनी उभी राहिली. तोच सिमेंट, तोच साचा. एका कारखान्याचा माल जमिनीखाली पुरायचा, दुसऱ्याचा दिवाणखान्यात मिरवायचा.

उरणच्या फरशीने विलायती मालाची मक्तेदारी मोडली. राजेरजवाड्यांनी ती घेतली, मुंबईच्या नव्या चालीच्या इमारतींनी घेतली. एकाचे पाहून दुसऱ्याने फरशीचे कारखाने काढले, आणि मुंबईच्या बाजारातून ही नक्षी गावोगावच्या डॉक्टर-वकिलांच्या, व्यापाऱ्यांच्या माजघरांत उतरली. मातीची फरशी भाजायला भट्टी लागते, कोळसा लागतो, शे-दीडशे माणसांचा पसारा लागतो. सिमेंटच्या फरशीला एक साचा, एक दाबयंत्र, पाण्याची टाकी आणि एक कसबी माणूस पुरतो. आमच्या घरापर्यंत ती पोचली याचे रहस्य हेच.

निमगावच्या वाटेवरचे मिस्त्री

इकडे बारामतीला काय चालले होते, ते सांगते. दादाने ठेकेदाराकडून तीन दिवस मागून घेतले. दोन गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन बसले, आणि मी व वहिनी स्टुलावर. मधली फुले बरी निघाली. खाली चुन्याचा थर होता. चुना आपला पकडलेला माल सोडतो, सिमेंट सोडत नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. पण काठाच्या फरश्या भिंतीखाली शिरलेल्या. त्या एकामागून एक तडकू लागल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हिशेब केला, तेव्हा चारशे बत्तिसांतल्या शंभरावर फुले साबूत होती. काठाच्या मात्र ऐंशींपैकी अकराच निघाल्या, त्यात कोपऱ्याची एकच.

पुण्याच्या माझ्या सदनिकेतली एक खोली मला या फरशीने करायची होती. सहा फूट बाय आठ फूट. काठासाठी अडतीस नग हवेत, आणि हाती अकरा. सत्तावीस कोण करून देणार?

दादाला कोणीतरी सांगितले, इंदापूर रस्त्याला निमगाव केतकीच्या अलीकडे एक मिस्त्री सिमेंटच्या वस्तू करतात. आम्ही बहीणभाऊ भवानीनगर, लासुर्णे करीत निघालो. दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्याकडेला पत्र्याची शेड दिसली, आणि तिच्यासमोर तुळशी वृंदावनांची रांग, कठड्याचे गोल खांब, खिडकीच्या जाळ्या आणि सिंहांची एक जोडी. कोड बाईंचा सिंह मला आठवलाच!

मिस्त्री साठीच्या पुढचे, मितभाषी. वृंदावनाचा साचा उकलण्याचे काम चालले होते. साच्याला आतून तेलाचा हात, मग सिमेंट आणि दगडाची बारीक कच यांचे मिश्रण, मध्ये बारीक सळया. एक रात्र तसेच ठेवून सकाळी साचा उकलायचा, आणि मग पाणी. "साच्यातून निघाला म्हणजे माल झाला न्हाई," ते म्हणाले. "पाण्यानं तो जलमतो. पाणी मारायचा कंटाळा केला, की दोन सालांत चिरा पडल्याच."

मी पिशवीतून आमची फरशी काढली. त्यांनी ती हातात घेतली, कडेने पाहिली, उलटी केली, अंगठ्याने घासली. मग शेडच्या मागे नेऊन आम्हाला एक गंजलेले यंत्र दाखवले. तरुणपणी ते एका फरशीच्या कारखान्यात कामाला होते. तो बंद पडला तेव्हा मालकाने पगाराच्या बदल्यात हे हातदाबाचे यंत्र दिले.

"ताई, ही गिलाव्याची फरशी न्हवं. हिचा रंग पोटात असतोय," त्यांनी फुटक्या कडेवर बोट ठेवले. खरेच, वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर अथपासून इतिपर्यंत तांबडा होता. "म्हणून ऐंशी वर्सं पाय घासलं तरी फूल गेलं न्हाई. आतून तेच निघत राहातंय."

सत्तावीस फरश्या

पुढच्या महिन्यात मी दोनदा तिथे गेले आणि फरशी होताना डोळ्यांनी पाहिली. ज्यांच्या घरी अशी जमीन आहे, त्यांच्यासाठी ती कृती येथे देते.

पोलादी चौकटीत पितळेच्या पट्ट्यांची जाळी बसवतात. फुलाच्या नक्षीला ही जाळी घडवणे हेच मोठे कसब असते. काठाला सुदैवाने सरळ पट्ट्याच पुरल्या. पांढरा सिमेंट, संगमरवराची पूड आणि लोहाचा तांबडा रंग पाण्यात कालवून दाट कढीसारखे करायचे, आणि लहान पळीने जाळीच्या त्या-त्या घरात सोडायचे. हात कापला की तांबडे पांढऱ्यात गेलेच. मग जाळी अलगद वर उचलायची. रंग एकमेकांना टेकतात, पण मिसळत नाहीत. त्यावर कोरड्या सिमेंट-वाळूची चिमूट भुरभुरायची, म्हणजे जादा पाणी शोषले जाते. त्यावर पाठीचा ओलसर जाड थर. मग झाकण ठेवून दाबयंत्राचे चाक फिरवायचे. सारे चित्र उलटे, तोंड खाली. चौकट उघडून फरशी पालथी केली, की प्रथमच चेहरा दिसतो. स्वयंपाकघरात मुदीचा भात ताटात पालथा घालताना जी धाकधूक होते, अगदी तीच!

एक दिवस सुकवून मग पाण्याची टाकी, आणि पुढे चार आठवडे सावलीत. भट्टी नाही, भाजणे नाही.

पहिल्या दहांतल्या सहा वाया गेल्या. मिस्त्रींनी त्या मला दाखवल्या नाहीत, स्वतःच फोडल्या. कोपऱ्याच्या तीन फरश्यांना, जिथे पांढरी रेघ काटकोनात वळते, त्यांना आठ दिवस लागले. मी विचारले, "हे काम पुन्हा सुरू का करत नाही?" ते म्हणाले, "एक फरशी करायला जेवढा येळ जातो, तेवढ्यात गुजरातेतनं अख्खी पेटी येती. आणि माझं पोरगं हाय पुण्याला, गाड्यांच्या कारखान्यात. त्याला ह्या पळीचं काय?"

ते खोटे नाही. नक्षीच्या फरशीला प्रथम मोझाइकने मागे सारले. संगमरवराचे तुकडे सिमेंटात घालून, घासून चकचकीत केलेली ती फरशी माझ्या पिढीतल्या बहुतेकांच्या घरी होती. मग कोटा, मग संगमरवर, मग मोरवीच्या गुळगुळीत टाइल्स. उरणहून सुरू झालेला तो कारखाना मात्र टिकला. त्याने जुन्या नमुन्यांची फरशी पुन्हा काढायला घेतली, आणि २०२२ साली शंभरी गाठली. जुन्या इमारतींची डागडुजी करणारे वास्तुविशारद आज ही फरशी आवर्जून मागवतात. पण गावोगावचे लहान कारखाने आणि त्यांतले पळी धरणारे हात भराभर कमी होत आहेत.

म्हणून ज्यांच्या आजोळी-माहेरी अशी जमीन अजून आहे, त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तिला ॲसिड लावू नका. सिमेंट आणि संगमरवराची पूड दोन्ही आंबटाने खाल्ली जातात. लिंबू-चिंच सांडली तरी लगेच पुसा. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरतो. आणि घर पाडायची वेळ आलीच, तर यंत्र लावण्याआधी दोन दिवस छिन्नीला द्या. भिंत पाडण्याआधी फरशी काढायची असते, हे आम्हाला उशिरा सुचले. नाहीतर काठसुद्धा वाचला असता.

पैशांची गोष्ट निघाली तेव्हा मिस्त्रींनी सिमेंट-रंगाचा खर्च सांगितला आणि मजुरीचा आकडा सांगायला ते लाजले. दादाने पाकीट काढले. "मी तिला भाऊबीज देतोय, मिस्त्री. त्यात कमी करू नका." मग त्यांनी आकडा सांगितला.

गेल्या वर्षी दिवाळीआधी खोली तयार झाली. जुनी सत्तर फुले मध्ये, भोवती अडतीसांचा काठ. सत्तावीस नव्या कोणत्या, ते दारातूनच ओळखू येते. जुना तांबडा ऐंशी वर्षांच्या पावलांनी मऊ, विटकरी झालेला, आणि नवा तांबडा कुंकवासारखा भडक. रंग जुळवण्यासाठी मिस्त्रींनी तीन वेळा नमुना केला होता, तरी जुळला नाही. मी फोन करून त्यांना सांगितले, तर ते म्हणाले, "पायाखाली जाऊ द्या, ताई. नातवंडांना फरक कळायचा न्हाई."

भाऊबीजेला दादा आणि वहिनी आल्या. पाट मांडायला गेले, तर दादा आधीच जाऊन एका फुलावर उभा राहिला होता, भिंतीकडून तिसऱ्या. माजघरात त्याचे ताट जिथे असे, ती जागा. मी पाट तिथेच मांडला.